‘रिंगा रिंगा रोझेस’ खरोखरच प्लेगचे गाणे आहे का? बालगीतांचे आणि बोलीतल्या शब्दप्रयोगांचे ‘गुप्त अर्थ’ कसे तपासावेत?

बालवाडीताई (प्रश्न)

मी गेली अकरा वर्षे बालवाडीच्या वर्गाला शिकवते. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या पालकांमध्ये एक लांबलचक संदेश फिरला. ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे गाणे म्हणजे १६६५ साली लंडनमध्ये आलेल्या प्लेगचे वर्णन आहे, असे त्यात म्हटले होते. गुलाबांचे कडे म्हणजे अंगावर उठणारे लाल चट्टे, खिशातली फुले म्हणजे दूषित हवेपासून बचाव करण्यासाठी जवळ बाळगलेला गुच्छ, तिसरी ओळ म्हणजे शिंका आणि शेवटचे पडणे म्हणजे मृत्यू, असा ओळवार उलगडाही दिलेला होता. ‘बा बा ब्लॅक शीप’ लोकरीवरच्या जाचक कराचे, ‘हम्प्टी डम्प्टी’ एका तोफेचे, ‘जॅक अँड जिल’ फ्रान्सच्या शिरच्छेद झालेल्या राजा-राणीचे आणि ‘लंडन ब्रिज’ पुलाच्या पायात जिवंत पुरलेल्या मुलांचे गाणे असल्याचे त्याच संदेशात तितक्याच ठामपणे सांगितले होते.

हा संदेश वाचून दोन पालकांनी ही गाणी वर्गात म्हणू नयेत अशी विनंती केली आहे. त्यांची काळजी मनापासूनची आहे, त्यामुळे तिला वरवरचे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही. या गोष्टींत तथ्य किती आहे, आणि असा एखादा दावा समोर आला तर तो खरा की खोटा हे सामान्य वाचकाने कशावरून ठरवावे, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

जुनी_पाने

ताई, प्लेगचीच गोष्ट आधी घेतो, कारण ती सर्वांत जास्त पसरलेली आहे आणि तिच्याविरुद्धचा पुरावाही सर्वांत स्पष्ट आहे.

लंडनची मोठी साथ १६६५ची. हे गाणे इंग्रजी बालगीतांच्या संग्रहात प्रथम छापलेले आढळते ते १८८१ साली, केट ग्रीनअवे यांच्या सचित्र पुस्तकात. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८८३ मध्ये, अमेरिकी मुलांच्या खेळगाण्यांचा संग्रह करणाऱ्या विल्यम वेल्स न्यूएल यांनी असे नोंदवले की, या गाण्याचे एक रूप मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे १७९०च्या सुमारास म्हटले जात असे. न्यूएल यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तरी साथ आणि गाणे यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर राहते, आणि छापील संग्रहापुरतेच बोलायचे तर ते दोनशे सोळा वर्षांचे होते. सॅम्युअल पेपिस हे त्या साथीत लंडनमध्ये राहून रोजनिशी लिहीत होते, मृतांचे आकडे आणि रस्त्यांवरची भयाण शांतता त्यांनी टिपून ठेवली आहे. पण असे कोणतेही गाणे त्यांच्या रोजनिशीत येत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा जुन्या पाठांचा आहे. प्लेगचा अर्थ लावणारे लोक आजच्या इंग्रजी पाठाच्या तिसऱ्या ओळीतल्या शिंकांवर (‘अटिशू, अटिशू’) फार भर देतात. परंतु १८८१च्या पाठात शिंक नाहीच. तिथे ‘हश’ हा शब्द चार वेळा येतो आणि मग सगळे कोलमडतात. आपली मुले ‘हश्शा बुश्शा’ म्हणतात, त्यातही शिंक कुठे ऐकू येत नाही. न्यूएल यांनी दिलेल्या रूपात तर एका मुलीच्या नावाचा उल्लेख आहे आणि रोगाचा मागमूसही नाही. ज्या ओळीवर सगळा अर्थ उभा आहे ती ओळच जुन्या रूपांत नसेल, तर तो अर्थ मूळचा आहे असे म्हणता येत नाही. वैद्यकीय बाजूनेही जुळणी कच्ची आहे. गाठीच्या प्लेगमध्ये तीव्र ताप येतो आणि काखेत, जांघेत किंवा मानेत वेदना देणाऱ्या गाठी येतात. गुलाबी गोल चट्टे आणि शिंका ही त्याची ओळखीची लक्षणे नव्हेत. दूषित हवेमुळे रोग होतो अशा समजुतीने लोक सुवासिक फुले आणि वनस्पती जवळ बाळगत असत, एवढे मात्र त्या संदेशात खरे आहे.

आता या गाण्याच्या अर्थांचाच इतिहास पाहा. मला स्वतःला हा भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. ऍलिस गॉम यांनी १८९८ साली ब्रिटनमधील पारंपरिक खेळांच्या कोशात या गाण्याची अनेक रूपे एकत्र दिली, तेव्हा प्लेगचा उल्लेख नव्हता. त्या काळी पुढे आलेला अर्थ वेगळाच होता: हसताना ज्यांच्या तोंडून गुलाब गळतात अशा अद्भुत मुलांच्या जुन्या दंतकथांशी या गाण्याचा संबंध असावा, असे याकोब ग्रिम यांच्या ग्रंथाच्या आधारे सुचवले गेले होते. प्लेगचा अर्थ सर्वत्र ऐकू येऊ लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५१ साली बालगीतांचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना या अर्थाची दखल घ्यावी लागली आणि त्यांनी तो नाकारला. म्हणजे एकोणिसाव्या शतकात लोकांना या गाण्यात प्राचीन दैवतकथा दिसल्या आणि विसाव्या शतकात रोगराई दिसली. मधल्या काळात मुले मात्र हात धरून गोल फिरत होती.

मौखिक_परंपरा

वरचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातल्या एका गृहीतकाला माझा आक्षेप आहे. छापील पुरावा नाही म्हणून गाणे नव्हते, हा निष्कर्ष लोकसाहित्याला लावता येत नाही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या किती पिढ्या केवळ बायकांच्या ओठांवर होत्या, आणि त्या कागदावर आल्या तेव्हा जन्मल्या असे कोणी म्हणत नाही. मुलांच्या खेळगाण्यांकडे तर विद्वानांचे लक्ष त्याहूनही उशिरा गेले. मग दोनशे वर्षांच्या मौनाला पुरावा कसे मानायचे?

जुनी_पाने

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मी अंशतः मान्य करतो. छापील मौनावरून एवढेच सिद्ध होते की गाणे त्या काळी होते असे म्हणायला आधार नाही. ते नव्हतेच, हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणूनच मी पाठभेदांवर अधिक भर दिला. एखादी ओवी दहा गावांतून गोळा केली, तर शब्द बदललेले असतात, पण तिचा गाभा बहुतेक ठिकाणी टिकलेला असतो. या गाण्याची रूपे शेजारी शेजारी ठेवली की त्यांत टिकून राहिलेला गाभा म्हणजे फेर धरणे, फुले आणि शेवटी खाली बसणे किंवा पडणे. जर्मन भाषेतही असे फेराचे गाणे आहे आणि तिथेही मुले शेवटी खाली बसतात. हा गाभा खेळाचा आहे. रोगाचे म्हणून जे तपशील सांगितले जातात ते एखाद्या रूपात असतात आणि दुसऱ्या रूपात नसतात.

मौखिक परंपरेच्या नावाखाली किती सहज फसगत होते, याचे एक उदाहरण ‘लंडन ब्रिज’चे आहे. नॉर्वेच्या ओलाफने १०१४ साली लंडनचा पूल पाडला आणि त्या प्रसंगावरून हे गाणे आले, असे सांगितले जाते. त्याला आधार म्हणून एका जुन्या नॉर्स काव्याचे इंग्रजी भाषांतर पुढे केले जाते आणि त्यात खरोखरच बालगीताच्या सुरुवातीशी तंतोतंत जुळणारी ओळ आहे. पण हे भाषांतर सॅम्युअल लेंग यांनी १८४४ साली केले, आणि तोवर हे बालगीत इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत होते. त्याचे शब्द तर १७४४ सालीच छापले गेले होते. लेंग यांनीच नॉर्स कडव्याला बालगीताच्या चालीवर आणि शब्दांवर बेतले. मूळ नॉर्स काव्यात ती ओळ त्या रूपात नाही. म्हणजे गाण्यावरून भाषांतर घडले आणि पुढच्या वाचकांनी त्याच भाषांतराला गाण्याचे मूळ मानले. पायात पुरलेल्या मुलांची गोष्टही ऍलिस गॉम यांच्या काळातला तर्क आहे. लंडनच्या जुन्या पुलाच्या पायात असे नरबळी दिल्याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही.

काठावरचा_वाचक

उरलेल्या तीन गाण्यांबद्दल थोडे लिहितो.

‘जॅक अँड जिल’चा प्रश्न तारखेनेच सुटतो. सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ रोजी झाला आणि मारी आंत्वानेतचा १६ ऑक्टोबर १७९३ रोजी. हे गाणे त्याआधीच इंग्लंडमध्ये छापले गेले होते.

‘बा बा ब्लॅक शीप’बद्दल जरा थांबावे लागेल, कारण ज्या कराचा उल्लेख केला जातो तो कर खरा होता. पहिल्या एडवर्डने १२७५ साली लोकरीवर जकात बसवली. मात्र ती निर्यातीवर होती आणि दर पोत्यामागे सहा शिलिंग आठ पेन्स अशी रोख रकमेत होती. एक तृतीयांश राजाला, एक तृतीयांश चर्चला आणि एक तृतीयांश शेतकऱ्याला अशी ती वाटणी नव्हती. शिवाय गाण्याचा सर्वांत जुना छापील पाठ १७४४चा आहे, म्हणजे जकातीनंतर ४६९ वर्षांनी आलेला. त्या पाठात तिसरे पोते गल्लीत राहणाऱ्या मुलाला मिळते. काही दशकांनंतरच्या एका पाठात मात्र गल्लीत रडणाऱ्या त्या मुलाला काहीच मिळत नाही. कराची गोष्ट सांगणारे हा दुसरा पाठ मूळचा असल्याचे सांगतात, कारण तो त्यांच्या अर्थाला सोयीचा आहे; कालक्रम त्याच्या उलट आहे.

‘हम्प्टी डम्प्टी’च्या बाबतीत खरी गोष्ट तोफेपेक्षा कितीतरी सुंदर आहे. १६४८ सालच्या कोलचेस्टरच्या वेढ्यातली तोफ, तिसरा रिचर्ड राजा, असे अनेक दावे केले गेले. राजेरजवाड्यांशी बालगीतांची सांगड घालण्याच्या या प्रकाराला कॅथरीन एल्वेस थॉमस यांच्या १९३०च्या पुस्तकाने मोठी चालना दिली. परंतु १७९७च्या जुन्या छापील पाठात राजाची माणसे नाहीत आणि राजाचे घोडेही नाहीत. तिथे चार वीसा माणसे आणि आणखी चार वीसा माणसे येतात, आणि त्यांनाही हम्प्टीला पूर्वीच्या जागी बसवता येत नाही. राजाच जिथे नंतर आला तिथे तो राजा कोणता, हा प्रश्नच उरत नाही. हे गाणे मुळात कोडे आहे. पडल्यावर जे कोणालाही पुन्हा सांधता येत नाही ते काय, असा प्रश्न आहे आणि उत्तर आहे अंडे. फ्रेंच, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन भाषांमध्येही याच धर्तीचे, अशाच नादमय जोडनावांचे अंड्याचे कोडे आहे. आज प्रत्येक पुस्तकात गाण्याशेजारी अंड्याचे चित्र असते, त्यामुळे उत्तर आधीच कळते आणि हे कोडे होते हेच आपण विसरलो आहोत. म्हणजे या गाण्याला एक लपवलेला अर्थ खरोखरच होता, आणि चित्रकारांनी तो उघड करून टाकला.

शब्दवेल्हाळ

गाण्यांइतकीच गंमत बोलीतल्या शब्दप्रयोगांची आहे, म्हणून थोडे त्याविषयी.

‘ओके’ हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो याची मोजदाद नाही. त्याची व्युत्पत्ती चॉक्टॉ या अमेरिकी आदिवासी भाषेतून, ग्रीकमधून, स्कॉटिश बोलीतून किंवा एका बंदराच्या फ्रेंच नावावरून सांगणाऱ्या अनेक कथा आहेत. ऍलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे चाळून १९६०च्या दशकात त्याचा माग काढला. बॉस्टनमधल्या एका दैनिकाच्या २३ मार्च १८३९च्या अंकात तो ‘ऑल करेक्ट’ या शब्दांचा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमधून केलेला संक्षेप म्हणून आला होता. त्या काळी शब्द चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरे वापरण्याची टूम निघाली होती. तसले बाकीचे बहुतेक संक्षेप विरून गेले. हा टिकला, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी त्यांच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावासाठी तीच अक्षरे प्रचारात वापरली. ही व्युत्पत्ती इतर कथांपेक्षा कमी भारदस्त आहे, पण ती तारखेसह दाखवता येते. उलट ‘पॉश’ हा शब्द बोटीच्या प्रवासात सावलीच्या बाजूच्या खोल्यांसाठी तिकिटावर मारल्या जाणाऱ्या आद्याक्षरांवरून आला, ही कथा कितीही पटण्याजोगी असली तरी तसा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.

मराठीतही हाच विवेक बाळगावा लागतो. ‘ध चा मा करणे’ या प्रयोगामागे नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला खून आहे, आणि तो खून इतिहासात नोंदलेला आहे. पण ‘धरावे’चे ‘मारावे’ करणारा हात आनंदीबाईंचा होता, हा भाग परंपरेने आलेल्या कथेचा आहे. घटना खरी असली म्हणून तिच्याभोवतीची कथा आपोआप खरी ठरत नाही. काही प्रयोगांना तर कथेची गरजच नसते. ‘सोळा आणे खरे’ म्हणताना रुपयाचे सोळा आणे होत असत एवढे ठाऊक असले की पुरते. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे हळूहळू व्यवहारातून गेले, बोलण्यात मात्र राहिले. ‘औट घटकेचा राजा’मधल्या ‘औट’चा अर्थ साडेतीन, आणि एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हिशेबाने चौऱ्याऐंशी मिनिटांचे राज्य. हा अर्थ कोणी लपवलेला नव्हता. मोजमापे बदलली आणि तो आपल्यापासून दूर गेला. मला वाटते, ज्याला आपण गुप्त अर्थ म्हणतो तो पुष्कळदा असा विसरलेला अर्थ असतो.

मौखिक_परंपरा

पाठभेदांचा मुद्दा मला पटला. लेंग यांच्या भाषांतराची हकिकत तर मला माहीतच नव्हती. तरीही सांकेतिक भाषा हा प्रकार खरोखर असतो, हे या चर्चेत सुटू नये. पानिपतच्या लढाईनंतर, जानेवारी १७६१ मध्ये, एका सावकारी पत्रातून बातमी गेली ती अशी की, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याचा खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ग्रँट डफच्या इतिहासातही हा मजकूर दिलेला आहे. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे पडलेले सरदार आणि खुर्दा म्हणजे असंख्य शिपाई आणि माणसे, हे वाचणाऱ्याला तत्काळ कळले.

जुनी_पाने

हे उदाहरण आपण दिलेत हे फार चांगले झाले, कारण सांकेतिक मजकुराला काय काय लागते ते त्यातून नेमके दिसते. लिहिणाऱ्याला बातमी उघड करायची नव्हती, वाचणाऱ्याला संकेत कळणारा होता, आणि पत्राला प्रसंग होता. बालगीतावर गुप्त अर्थ लादताना यांपैकी काहीच दाखवले जात नाही. १६६५ साली प्लेगविषयी बोलायला लंडनमध्ये कोणाचीच बंदी नव्हती. मृतांचे साप्ताहिक आकडे छापून विकले जात होते. मग तो विषय गुलाबांआड लपवण्याचे कारण काय असावे?

आणखी एक गोष्ट यमकाची. ‘येरे येरे पावसा’ या गाण्यात पैसा खोटा होतो आणि पाऊस मोठा येतो. उद्या कोणी या ओळीवरून नाण्यातल्या भेसळीचा इतिहास सांगू लागला, तर तो ऐकायला रंजक वाटेल; पण ‘मोठा’ला ‘खोटा’ जुळतो आणि ‘पावसा’ला ‘पैसा’, हे कारण त्याहून जवळचे आहे. ‘अटक मटक चवळी चटक’मध्ये तर अर्थाच्या आधी नाद येतो. मुलांच्या गाण्यांत नाद हा अनेकदा मूळ धागा असतो आणि अर्थ त्याला धरून येतो. ज्याने लहान मुलाला मांडीवर घेऊन असे गाणे म्हटले आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

काठावरचा_वाचक

ताईंच्या पालकांसाठी एक पुरवणी. मुलांच्या गाण्यांत काळजी करण्यासारखे काहीच नसते, असा या चर्चेचा अर्थ होऊ नये. ‘टेन लिटल इंडियन्स’ हे मोजणीचे गाणे सेप्टिमस विनर यांनी १८६८ साली अमेरिकेत लिहिले. त्यात मूळ रहिवासी समाजाची मुले एकेक करून नाहीशी होतात, आणि ते लिहिले गेले तेव्हा तिथे त्या समाजांना त्यांच्या भूमीवरून खरोखरच हटवले जात होते. ‘ईनी मीनी’च्या जुन्या अमेरिकी रूपात वाघाच्या जागी कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानकारक शब्द होता. या दोन्ही गोष्टी छापील पानांवर दाखवता येतात, त्यासाठी कोणताही संकेत उलगडावा लागत नाही. वगळायचेच असेल तर कल्पित प्लेगपेक्षा या गाण्यांचा विचार आधी व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालवाडीताई

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मी तारखा, जुने पाठ आणि लेंग यांच्या भाषांतराची हकिकत एका पानावर लिहून त्या दोन पालकांना दिली. एकीचे समाधान झाले. दुसरीने विचारले की, हे सगळे खरे असले तरी एकदा मनात आलेला प्लेग आता गाणे ऐकताना जाणार कसा. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी तसे प्रामाणिकपणे सांगितले. मोजणीसाठी आम्ही आजवर ‘टेन लिटल इंडियन्स’ म्हणत होतो. ते मी कालपासून बंद केले आहे.

‘हम्प्टी डम्प्टी’ मात्र मी आज वेगळ्या रीतीने घेतले. पुस्तक मिटून ठेवले, चित्र दाखवले नाही, आणि भिंतीवरून पडल्यावर कोणालाच नीट करता येत नाही असे काय असेल, एवढेच विचारले. फुगा, बांगडी, आरसा अशी उत्तरे आली. एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने शेवटी विचारले, “बाई, ते पडायच्या आधी गोल होतं का?”

जुनी_पाने

ताई, तिला बहुधा उत्तर सापडले होते. पुढच्या वेळी १७९७च्या पाठातला आकडाही मुलांना सांगा: चार वीसा आणि आणखी चार वीसा, म्हणजे एकशे साठ माणसे. बालवाडीला एवढी मोजणी जमणार नाही, पण इतक्या माणसांनाही एक अंडे सांधता आले नाही, हे त्यांना नक्की आवडेल.